बूच आधी, खडा मग

सियालदह, कोलकाता

चि. बाळूस,


तुझं पार्सल मिळालं. बाटल्यांची सागवानी बुचं झकास दिसतात. लेथवर तुझा हात बसलाय. कौतुक तुझी आई करत असेलच, म्हणून मी कामाचंच लिहितो.

ज्या बुचाला तू फिरोज्याच्या चुऱ्याचं कडं भरलंस, त्याचं कडं इथे आल्यावर एका बाजूने उचललं गेलं. डोळ्याला दिसत नाही, पण बोट फिरवलं की नखाला लागतं. डिंक कमी पडला असं तुला वाटेल. तसं नाही. विट्याची हवा कोरडी, आणि इथे पावसाळ्यात कपाटातले कपडेही दमट लागतात. लाकूड ओल ओढतं आणि फुगतं, तेही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. आडवं फुगतं, आणि त्यातही वाढीच्या कड्यांच्या अंगाने जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. म्हणजे तू गोल कातलेलं बूच इथे किंचित लंबगोल होतं. दगड मात्र तसूभर हलत नाही. सोन्यात खडा बसवला तर कोंदणाची कड त्याला दाबून धरते. लाकडात धरायला कुणी नाही, सगळी भिस्त डिंकावर.

म्हणून ठोकळा आधी ढोबळ कातून ठेव आणि दर आठवड्याला वजन कर. सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या घरी काट्याला तोटा नाही. वजन उतरायचं थांबलं की मगच शेवटचा हात मार. खाच दोन-तीन मिलिमीटरपेक्षा रुंद नको, आणि तिचा तळ तोंडापेक्षा किंचित रुंद कोर, म्हणजे भरलेला चुरा आपोआप अडकून राहील. झटपट चिकटणारा डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो. सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी वापर. पॉलिश बाहेरून मारतोस तसं, खाली खुंटीसाठी (ती पुढे सांगतो) भोक पाडशील त्याच्या आतही मार. ओल तिथूनच शिरते.

आता खरी गोष्ट. बऊबाजारात दागिन्यांच्या दुकानांइतकीच फर्निचरचीही दुकानं आहेत. तिथल्या एका मिस्त्रीला तुझं बूच दाखवलं. त्याने खड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटं केलं, खालचा भाग अंगठ्याने दाबला आणि परत दिलं. मी समजलो. तू नुसतं लाकूड निमुळतं करून बाटलीत घालायचं ठेवलंस. वाइनचं खरं बूच साधारण 24 मिलिमीटर जाडीचं असतं, ते दाबून साडेअठराच्या तोंडात बसवतात. दाबलं जाणं आणि परत फुगणं हाच त्याचा गुण. सागवान दाबलं जात नाही. सैल असेल तर गळतं, आणि घट्ट बसवलेलं ओल लागून फुगलं तर काच तडकते. खाली स्टीलची खुंटी आणि तिच्यावर सिलिकॉनच्या कड्या, असं घे. मुलामा दिलेली पितळी खुंटी स्वस्त मिळते, पण वाइनच्या आंबटपणाने तिला खड्डे पडतात. शिवाय फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांचं तोंड वेगळ्या मापाचं असतं. गिऱ्हाइकाला आधी विचार, बाटली कोणती. आपल्या लोकांना विकायची असतील तर मधाच्या, काकवीच्या, कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं माप घे. वाइनवाले किती भेटणार तुला विट्यात!

खड्यांबद्दल. कडकपणाच्या मोहस् मोजणीत मॅलाकाइट चारच्या आत, फिरोजा पाच-सहा, अकीक सातला टेकलेला. मॅलाकाइट पटाशीखाली येतो, अकीक पटाशीची धार खातो. तो सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने पाणी लावूनच घासायचा. बाजारात निळा म्हणून मिळणारा पुष्कळसा ‘फिरोजा’ रंगवलेला हाउलाइट असतो. कापसाला अ‍ॅसिटोन लावून घासून बघ. निळं उतरलं तर समज. तो वापरायलाही हरकत नाही, स्वस्त आहे आणि दिसतोही बरा, पण फिरोजा म्हणून विकू नकोस. खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळातून उठून देशभर गलाईला गेली आणि परमुलखात परक्या सराफांनी त्यांच्या हातात सोनं सोपवलं, ते त्यांच्या शब्दावर. तुझ्या आडनावावर तोच विश्वास आहे.

आणि धूळ. इथे मी तुला रागावणार आहे, कारण तू पाठवलेल्या व्हिडिओत तोंडाला साधा रुमालही नव्हता. खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो; दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ते परत सुधारत नाही. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, त्याची धूळ विषारी. शिसवीची धूळही कित्येकांना सोसत नाही. आपल्या भट्टीवरच्या तेजाबाच्या वाफेने माणसाची छाती कशी होते हे तू घरात पाहिलं आहेस. रुमाल उपयोगाचा नाही. चांगला धुळीचा मास्क घे, दगड ओला करूनच घास आणि लेथ माडीवरून उचलून परसात ने, आजी माडीवरच झोपते.

नवीन हत्यारं घेण्याआधी एकदा सावंतवाडीला जाऊन ये. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढतो आणि केवड्याच्या पानाने चकाकी येते. त्यात खडा नसतो, तरी नजर हटत नाही. तुझ्या दोन बुचांवर खडा नसता तर ती जास्त चांगली दिसली असती, असं माझं मत. सागवानाच्या रेषा तू स्वतःच झाकल्यास.

इथे बुचं खपतील, दुकानदाराशी बोलतो. पण मला सहा महिने वाळलेल्या लाकडाची, स्टीलच्या खुंटीची हवीत. मास्क आणल्याचं फोनवर सांग, मग ऑर्डर घेतो.

तुझा,
काका