गांवच्या स्त्रीच्या हातीं ज्ञान : जामखेडच्या कार्याचा अभ्यास

आपल्या मंडळ्यांत स्त्रियांची सभा पुष्कळ ठिकाणीं भरते. गीतें होतात, प्रार्थना होते, वर्गणी गोळा होते आणि बाया आपापल्या घरीं जातात. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु अशा सभेच्या हातून गांवांतील कुटुंबांचें आणखी किती कल्याण होऊं शकेल, याचा विचार आपण क्वचितच करतों. म्हणून या धड्यांत आम्ही एक खरें घडलेलें उदाहरण वाचकांपुढें ठेवीत आहों. पुढाऱ्यांनीं तें सभेंत मोठ्यानें वाचावें आणि शेवटच्या प्रश्नांवर सर्वांस बोलूं द्यावें.

१. कार्याचा आरंभ

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे या उभयतांचें शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. पुढें त्यांनीं नगर जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन दवाखान्यांत सेवा केली. तेथें त्यांस असें दिसून आलें कीं, बरें होऊन घरीं गेलेलें माणूस कांहीं दिवसांनीं त्याच दुखण्यानें पुन्हां दारीं येतें. रोगाचें मूळ घरांत, पाणवठ्यावर व रिकाम्या चुलीपाशीं होतें. दवाखाना मात्र तेथून कोसच्या कोस दूर होता. तेव्हां अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन ते परत आले, आणि १९७० सालीं त्यांनीं जामखेड येथें ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हें गांव पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अवर्षणाच्या मुलखांत आहे. १९७१ सालीं त्या भागांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्ष पुरें होण्यापूर्वींच दगावत होतीं.

२. सेविकेची निवड

प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न झाला. पण तो साधला नाहीं. परक्या गांवीं एकट्या राहणाऱ्या मुलीस तेथें आधार नव्हता, आणि तिच्या सांगण्यावर बायकांचा विश्वास बसेना. मग गांवानें आपल्यांतूनच एक स्त्री निवडावी असें ठरलें. या आरोग्य सेविकांपैकीं पुष्कळजणी दलित समाजांतील होत्या व बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. त्या आठवड्यास जामखेडला येत, एकत्र जेवीत, एकत्र निजत आणि एकमेकींच्या अनुभवावरून शिकत. जातीचा विटाळ मनांतून जाणें हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

३. त्या काय शिकल्या

बाळंतपणांत हात व नाळ कापण्याचें पातें स्वच्छ कसें ठेवावें. गरोदर स्त्रीस धनुर्वाताची लस कां द्यावी. पहिलें पिवळसर दूध फेकून न देतां बालकास कां पाजावें. मुलाचें वजन वेळोवेळीं कां करावें. या गोष्टी त्या शिकल्या. हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडण्याची चाल पुष्कळ घरांत होती. खरें पाहतां मूल मरतें तें अंगांतील पाणी गेल्यामुळें. म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट लहान चमचे व मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा विरघळवून तें थोडें थोडें पाजीत राहावें, हें प्रत्येक आईनें पाठ करण्याजोगें आहे.

अशा अशिक्षित बाईच्या हातीं एवढें काम देणें धोक्याचें नाहीं काय, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु आपल्या ज्ञानाची सीमा कोठें संपते आणि रोग्यास दवाखान्यांत केव्हां पाठवावें, हेंही तिला शिकविलेलें असे. शिवाय ती त्याच गांवांत नांदणारी. तिचा सल्ला चुकला तर तो तिच्या दारापर्यंत येणार. खरा धोका दुसरीकडे होता. वैद्यकी कोणाही बाईनें शिकूं नये असें म्हणून आपण स्वस्थ बसलों, तर रात्रीं अडलेल्या बाळंतिणीस कोणीच नव्हतें.

४. मंडळाचें सामर्थ्य

एकट्या सेविकेचें बोलणें सासू ऐकत नाहीं, नवरा ऐकत नाहीं. म्हणून पुरुषांचीं शेतकरी मंडळें व त्यामागून महिला मंडळें उभीं राहिलीं. दहा घरच्या दहा स्त्रिया एका विचारानें बोलूं लागल्या म्हणजे घरची रीत बदलते. मंडळांतून बचत झाली, लहान धंदे निघाले, आणि स्वतःच्या कमाईचा पैसा हातीं असलेल्या स्त्रीचा शब्द घरांत मोजला जाऊं लागला. पाण्याच्या कूपनलिका दलित वस्तींत घेतल्यामुळें सर्व जातींच्या बायकांस तेथेंच पाण्यास यावें लागलें. मुलांसाठीं चालविलेल्या जेवणांत सर्वांचीं लेंकरें एका पंगतींत बसलीं. जें उपदेशानें होत नव्हतें, तें तहानेनें व भुकेनें करून दाखविलें.

५. फळ

२००४ पर्यंत येथील बालमृत्यूचें प्रमाण हजारीं २४ वर आलें. त्या काळांत महाराष्ट्रभर हें प्रमाण घटलें, हें खरें. तथापि अशा कोरडवाहू मुलखांत, बहुतांशीं गांवच्याच स्त्रियांच्या हातून हें घडावें, ही लहान गोष्ट नव्हे. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २००५ नंतर सरकारनें ‘आशा’ सेविका नेमिल्या, त्याही आपापल्या गांवांतल्याच. डॉ. मेबल १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. परंतु जें ज्ञान सेविकेकडून शेजारणीस व आईकडून मुलीस पोहोंचलें, तें त्यांजबरोबर गेलें नाहीं.

६. बोध

देणाऱ्याच्या हातीं सर्व राहिलें, तर देणारा गेल्यावर कांहींच उरत नाहीं. म्हणून साह्य करणाऱ्यानें आधीं कुटुंबांची गरज त्यांच्याच तोंडून ऐकावी, आणि आपल्याजवळचें ज्ञान राखून न ठेवितां त्यांच्या स्वाधीन करावें. आपल्या गांवांत असें मंडळ उभें करण्यास मोठी इमारत नको. ज्या स्त्रीस आजवर कोणी विचारलें नाहीं, तिला विचारण्याची तयारी मात्र हवी.

विचारार्थ प्रश्न

(१) आपल्या गांवांत बालकें व बाळंतिणी कोणत्या कारणांनीं आजारी पडतात? त्यांपैकीं किती कारणें घरींच टाळतां येतील?

(२) आपल्या सभेंत कोणत्या वस्तीची स्त्री कधींच बोलत नाहीं? कां?

(३) गांवच्या ‘आशा’ सेविकेस सभेस बोलावून आपण तिला कोणतें साह्य करूं शकूं?

(४) पुढील सभेपर्यंत मीठ-साखरेचें पाणी करण्याची रीत कोणत्या दहा घरीं शिकवाल?