पेलेट शेगडीची राख: साफसफाई रोज कशी लावायची आणि तिचा हिशोब कसा धरायचा



खानावळ, फरसाण, केटरिंग, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बऱ्याच जणांनी व्यावसायिक सिलिंडरचा खर्च कमी करायला पेलेटची शेगडी घेतलीय. पहिला महिना मजेत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तक्रारी सुरू होतात. आच लागत नाही, धूर होतो, पातेल्यांची बुडं काळी होतात, पेलेट जास्त जातात. मग शेगडीवाल्याला फोन, ब्लोअर फुल्ल, आणि शेवटी शेगडी कोपऱ्यात नि सिलिंडर परत जागेवर. बहुतेक वेळा शेगडी ठणठणीत असते. तिच्या पोटात राख साचलेली असते, एवढंच. व्हिडिओत साफ कशी करायची ते दाखवलंय. इथे त्यामागचं कारण आणि हिशोब लिहून देतो.

आधी शेगडी जळते कशी ते बघू. ब्लोअरची हवा दोन ठिकाणी जाते. थोडी हवा खालच्या जाळीतून वर येते आणि पेलेट तापवते. तापलेल्या पेलेटमधून जळणारा वायू सुटतो. बाकीची हवा भांड्याच्या वरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून येते आणि तो वायू तिथे पेटतो. आपल्याला दिसणारी स्वच्छ ज्योत ती हीच. आता जाळीवर दोन बोटं राख बसली, किंवा वरची भोकं काजळीने बुजली, तर वायू सुटतो पण पुरता जळत नाही. तोच धूर, तीच पातेल्याची काजळी. तुम्ही विकत घेतलेलं जळण न जळता छताला लागतंय.

अशा वेळी ब्लोअर वाढवायचा मोह होतो. नका वाढवू. बुजलेल्या जाळीतून हवा सगळीकडून सारखी जात नाही, एखाद्या मोकळ्या भोकातून जोरात घुसते. तेवढीच जागा भयंकर तापते, राख उडून भाजीत पडते आणि राखेचे खडे बनतात.

खडे का बनतात

शेतातल्या काडीकचऱ्यात पोटॅश असतं, शिवाय सिलिका आणि गोळा करताना आलेली माती. आच फार वाढली की हे सगळं मिळून वितळतं आणि काचेसारखं जाळीला चिकटतं. बॉयलरवाले त्याला क्लिंकर म्हणतात. लाकडाच्या भुशाच्या पेलेटमध्ये हा त्रास कमी, पऱ्हाट्या, तूस, टरफलं यांच्या मिश्रणात जास्त. हातोडीने ठोकून काढायला जाऊ नका, जाळीच वाकते. उपाय आधीच करायचा. दर दोन-तीन तासांनी सळईने जाळीवरचा थर हलवा, म्हणजे खडा मोठा होण्याआधीच फुटतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मोबाईलवर जे परदेशी व्हिडिओ दिसतात ते घर गरम करायच्या पेलेट शेगड्यांचे असतात. युरोपात अशा शेगड्यांसाठी ‘एनप्लस ए-१’ दर्जाचे लाकडी पेलेट मिळतात, त्यात राख ०.७ टक्क्यांच्या वर चालत नाही. तिथला माणूस ‘राखेचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करा’ म्हणतो ते त्याच्यापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे शेतमालाच्या मिश्र पेलेटमध्ये राख पाच-सहा टक्के सहज निघते, आणि नुसत्या भाताच्या तुसाची असेल तर पंधरा ते वीस टक्के. त्याचं वेळापत्रक आपल्याला लावून कसं चालेल?

राख वजन करा

नवीन माल आला की हे एकदा कराच. साफ केलेल्या शेगडीत मोजून ५ किलो पेलेट पूर्ण जाळा. शेगडी गार झाल्यावर राख वजनकाट्यावर ठेवा. १०० ग्रॅम भरली तर २ टक्के, ३०० ग्रॅम भरली तर ६ टक्के. राखेचा रंगही बघा. पांढुरकी करडी, मऊ राख म्हणजे जळण नीट जळलं. काळे तुकडे जास्त असतील तर हवा कमी पडतेय, ते तुकडे म्हणजे तुमचे पैसेच आहेत.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. समजा भुशाचे पेलेट १२ रुपये किलो आणि मिश्र पेलेट १० रुपये किलो. रोज ४० किलो लागतात. वरवर पाहिलं तर मिश्र मालात रोजचे ८० रुपये वाचले. पण त्याची आच कमी, म्हणून त्याच स्वयंपाकाला ४५ किलो गेले. ४८० च्या जागी ४५० रुपये झाले, म्हणजे वाचले फक्त ३०. शिवाय भुशाची २ टक्क्यांनी दिवसाची राख ८०० ग्रॅम, मिश्रची ६ टक्क्यांनी २ किलो ७०० ग्रॅम. एवढ्या राखेला ऐन दुपारच्या डब्यांच्या वेळी शेगडी थांबवावी लागली, तर ते ३० रुपये कुठे गेले? स्वस्त माल घेऊच नका असं मी म्हणत नाही. संध्याकाळी एकच घाणा काढणाऱ्याला मिश्र पेलेट परवडतात. दिवसभर शेगडी चालू ठेवणाऱ्याने मात्र भाव विचारताना राखही विचारावी.

साफसफाई कुणी आणि कधी

‘सगळ्यांनी मिळून करायचं’ म्हणजे कुणीच करायचं नाही. एका माणसाचं नाव ठरवा आणि तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरा. रोज सकाळी पेटवण्याआधी, शेगडी पूर्ण गार असताना, राखेचा ट्रे रिकामा करायचा, जाळी खरवडायची, बुजलेली भोकं तारेने मोकळी करायची. तार भोकापेक्षा बारीक घ्या, भोक मोठं झालं तर हवेचं गणित बिघडतं. पेलेट भरताना चाळून घ्या, तळाचा भुगा हॉपरमध्ये गेला की अडकतो. पावसाळ्यात पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा, ओल लागलेला पेलेट फुगून त्याचा भुसा होतो.

ब्लोअरच्या जाळीवर पिठाची धूळ आणि तेलकटपणा बसतो, आठवड्यातून एकदा प्लग काढून ब्रशने साफ करा. धुराडं असेल तर महिन्यातून एकदा आतली काजळी पाडा. गरम शेगडीवर पाणी कधीच नको. बीड असेल तर तडकतं, पत्रा असेल तर वाकतो, आणि ओल्या राखेचा गारा भोकांत घट्ट बसतो. घरचा व्हॅक्युम क्लीनरही नको. एक निखारा आत गेला तर पिशवी पेटते, आणि एरवीही बारीक राख मोटरमध्ये जाते.

राख वरून गार दिसली तरी पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती प्लास्टिकच्या बादलीत, गोणीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा. तो जमिनीवर, बाहेर, सिलिंडर आणि पेलेटच्या पोत्यांपासून लांब असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कितीतरी किचनमध्ये मुलं तिथेच झोपतात. थंडीत शटर ओढून, उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून आतच ठेवतात. असं होऊ देऊ नका. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो. पहाटे शटर बंद ठेवून तयारी करतानाही हाच धोका असतो. कुणाचं डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, शेगडीचं नंतर बघा. त्रास लगेच थांबला नाही तर दवाखाना गाठा. शटर अर्धं तरी वर हवं आणि समोरच्या बाजूला खिडकी किंवा एक्झॉस्ट हवा.

राहिली ती गार राख. लाकडी भुशाच्या राखेत पोटॅश असतं, त्यामुळे नर्सरीवाले आणि परसबागवाले ती मागून नेतात. फक्त ती क्षारयुक्त असते, कुंडीत मूठभराहून जास्त नको आणि हाताळताना हातमोजे घाला. खडे आणि काळे तुकडे त्यातून आधी चाळून काढा. काळे तुकडे कोरडे ठेवून दुसऱ्या दिवशी पेटवताना पुन्हा वापरता येतात.