बारावीनंतर फौजेत जायचंय? आधी घाटीत जा

दौलताबादहून शहराकडे निघालं की मिटमिटा, पडेगाव मागे पडतं आणि छावणी लागते. भरतीचं स्वप्न इतकं जवळ दिसत असल्यामुळे असेल, पण बारावीचा शेवटचा पेपर संपला की घरचे पहिला खर्च अकादमीवर करतात. तो शेवटी करायचा असतो.

सरकारला द्यायचे पैसे फार नाहीत. अलीकडच्या भरतीत लष्कराच्या अग्निवीर परीक्षेला २५० रुपये पडले, नौदल आणि हवाई दलाला प्रत्येकी ५५० अधिक जीएसटी, म्हणजे ६४९. एनडीएचा अर्ज १०० रुपयांत होतो आणि मुलींना तर फुकट. तिन्ही दलांचे अर्ज भरले तरी दीड-पावणेदोन हजारांच्या आत काम होतं. मैदानी चाचणी आणि वैद्यकीय तपासणीला फी नसते. ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दिलेले पैसे बुडाले असं समजा.

आता टेप घ्या आणि मुलाची उंची मोजा. लष्कराच्या जनरल ड्यूटीला महाराष्ट्रातल्या मुलाची उंची १६८ सेंटिमीटर लागते, टेक्निकलला १६७, क्लार्कला १६२. नौदलाला १५७ पुरते, हवाई दलाला १५२. म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या मुलाला जनरल ड्यूटीसाठी वर्षभर पळवणं म्हणजे पैसे पाण्यात. नौदलाचं दार मात्र त्याला उघडं आहे.

दुसरी चाळणी विषयांची, आणि ती अकरावीच्या प्रवेशालाच लागलेली असते. जनरल ड्यूटीला दहावीचे ४५ टक्के चालतात, पण प्रत्येक विषयात ३३ हवेत. क्लार्कला बारावी कोणत्याही शाखेची चालते, मात्र एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात. नौदलाच्या एसएसआरला, म्हणजे बारावीवाल्यांच्या भरतीला, गणित आणि भौतिकशास्त्र हवंच; गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांची तिथे अडचण होते. त्यांच्यासाठी, आणि कला-वाणिज्यवाल्यांसाठीही, हवाई दल बरं. तिथे विज्ञानाशिवायही अर्ज करता येतो. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० हवेत. मराठी माध्यमाच्या मुलांनी शिकवणी लावायचीच तर इंग्रजीची लावावी, असं माझं मत आहे.

एवढं जमलं की घाटी रुग्णालय गाठा. केसपेपर काढून डोळे, कान, दात दाखवा. रंग नीट ओळखता येतात का, गुडघे एकमेकांना घासतात का, तळपाय सपाट आहेत का, हे विचारून घ्या. खासगी तपासणीच्या मानाने खर्च किरकोळ येतो. रंगांधळेपणा असेल तर कोणतीही अकादमी तो घालवू शकत नाही.

मग पळा. अंतर सगळीकडे १.६ किलोमीटरच; मुलांना नौदल साडेसहा मिनिटं देतं, हवाई दल सात. लष्करात वेळेवर गुण ठरतात आणि साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६०. घाटाच्या चढावर दम वाढतो हे खरं, पण भरती सपाटीवर होते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोजलेल्या ट्रॅकवर घड्याळ लावून धावा. यासाठी बूट चांगले घ्या. तिथे काटकसर नको.

अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लष्करासाठी शाखा कोणतीही. मुलाखतीला पहिल्यांदा जाताना प्रवासखर्चही मिळतो. एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आपल्याच शहरात आहे, मुलींसाठी आता नाशिकला. पण तिची प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच द्यावी लागते. धाकटं भावंड नववीत असेल तर आत्ताच नोंद करून ठेवा.

घरी बोलायची गोष्ट पगाराची. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेत, हातात येतात २१,०००. ३० टक्के सेवा निधीत जातात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात. चार वर्षांनी स्वतःचे ५.०२ लाख, सरकारचे तेवढेच आणि वर व्याज. पेन्शन नाही, आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणून या रकमेच्या भरवशावर आज कर्ज काढून अकादमीची फी भरू नका. भरायचीच तर महिन्याच्या महिन्याला भरा, पावती घ्या आणि मुक्काम-जेवण धरून आकडा लिहून घ्या.

वयाची अट त्या-त्या जाहिरातीतल्या जन्मतारखांवरून पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, हेही आजच तपासा. फरक निघाला तर दुरुस्तीला वेळ जातो आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.