घरातल्या सगळ्यांचा एको

माझा धाकटा भाऊ ऐन तिशीत, क्रिकेट खेळता खेळता गेला. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा हा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, आमच्या घराण्यात आहे हे तो गेल्यावर कळलं. पुढे तशीच आणखी काही घरं भेटली आणि पुण्यात आमचा गट उभा राहिला. त्यातून मला जे उमगलं, ते असं.

१. लोक ऐकायला नंतर येतात, आधी सांगायला येतात. पहिल्याच बैठकीत एका काकूंनी पर्समधून मुलाचा जुना ईसीजी काढला. घड्यांवर कागद विरला होता, रेघा जवळजवळ उडाल्या होत्या. "शेवटचा आहे हो त्याचा," एवढंच म्हणाल्या. मग शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उघडली. त्या दिवशी कोणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

२. आजार एकाचा, पण तपासणी घराण्याची. साधारण पाचशेत एकाला हा आजार असतो. सदोष जनुक आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. हे लोकांना पटतं. पटत नाही ते पुढचं: बाराव्या वर्षी टू-डी एको चांगला आला म्हणून सुटका होत नाही. स्नायू बऱ्याचदा वयात येताना जाड होऊ लागतो, म्हणून त्या वयात वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघावं लागतं. "एकदा केली की!" हे उत्तर मी फार ऐकलं आहे.

३. मरणाच्या भीतीपेक्षा लग्नाची काळजी मोठी असते. "पोरीचं जमू दे, मग करू तपासण्या." या वाक्याचा मला आता राग येत नाही. आपल्याकडे स्थळं कशी मोडतात हे मीही पाहिलं आहे. अशा वेळी डॉक्टरांपेक्षा आत्याचा किंवा मोठ्या जावेचा शब्द चालतो. स्वतः तपासणी करून आलेली जाऊ "चल, मी येते बरोबर" म्हणते आणि अडलेलं घर हलतं. "तुमच्याच घराण्यातून आलं" हे सुनेला ऐकवणं मात्र मला आजही सहन होत नाही. जनुक कोणी निवडून देत नाही.

४. रोजच्या गोष्टींचे प्रश्न जास्त येतात. निर्जळी एकादशी करू का? ज्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडायला अडथळा आहे, त्यांना शरीरातलं पाणी कमी होणं बाधू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. विमा मिळेल का? याच आजाराच्या एका रुग्णाचा दावा, आजार आनुवंशिक आहे म्हणून, नाकारला गेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ही माहिती आम्ही प्रत्येक नव्या घराला देतो. हृदय बंद पडून कोणी कोसळलं तर छाती कशी दाबायची याचं प्रशिक्षणही देतो, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, १०८ची गाडी येईपर्यंत.

तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर "अटॅक आला" म्हणून विषय मिटवू नका. आईवडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचा ईसीजी आणि टू-डी एको करून घ्या.