बिनतारी संचाचा पल्ला कशावर ठरतो?

हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या शेतकऱ्यांना मोटारी वेळेवर वर काढाव्या लागतात. निरोपासाठी वॉकीटॉकी वापरायची झाल्यास तिचा पल्ला ठाऊक असावा.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळास ४ ने गुणावे. दोन्ही टोकांची उत्तरे मिळवली की साधारण कमाल अंतर कि.मी.मध्ये मिळते. दीड मीटरवर हातात धरलेले दोन संच सपाटीवर फार तर १० कि.मी.; ९ मीटर खांबांवरील अँटेना सुमारे २४ कि.मी.

रावेर-यावलकडील दाट केळीबागा व सातपुड्याचे डोंगर पल्ला घटवतात. वॅट दुप्पट केल्याने अंतर दुप्पट होत नाही. परवान्याचा नियम खरेदीपूर्वी विचारावा आणि चाचणी पावसाळ्याआधीच घ्यावी.