खुर्चीत बसण्याआधी

पोरी, तू पोलिसांत जायचं ठरवलंस आणि त्याच रात्री अकरा वाजता तुझ्या बाबांचा मला फोन आला. "दादा, ते खोटं पकडायचं यंत्र लावतात म्हणे पोरीला?" लावतात. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात बऱ्याच खात्यांच्या भरतीत पॉलिग्राफ चाचणी असते. बाबांची काळजी मला कळली. साताऱ्याकडे भरती म्हणजे धावणं, गोळाफेक, लेखी आणि शेवटी चारित्र्य पडताळणी. पॉलिग्राफ हा शब्द तिकडे आरोपींच्या बातम्यांतच येतो, आणि तिथेसुद्धा संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात सांगून टाकलंय. तेव्हा आपल्या पोरीला आरोपीसारखं बसवणार, असं त्यांना वाटलं. तसं नसतं. पण तयारी लागते, आणि ती बहुतेक मुलं चुकीच्या जागी करतात.

मी खात्यात २१ वर्षं काढली. त्यातली शेवटची ९ उमेदवारांची पार्श्वभूमी तपासण्यात गेली. यंत्र मी चालवत नव्हतो. पण खुर्चीत बसायच्या आधी आणि उठल्यानंतर उमेदवार माझ्याच टेबलासमोर असायचा, म्हणून सांगतो: चाचणी त्या खोलीत सुरू होत नाही. ती अर्ज भरायला घेतेस त्या दिवशी सुरू होते.

तो अर्ज वीसहून जास्त पानांचा आहे. कुठे कुठे राहिलीस, कुठे काम केलंस, ते का सोडलंस, गाडीचे दंड, अपघात, थकलेली बिलं, भांडणं, नशा, सगळं. पॉलिग्राफमधले प्रश्न आभाळातून पडत नाहीत, या पानांतूनच येतात. लिहिलंस ते खरं का, आणि लिहायचं काही मुद्दाम ठेवलंस का, एवढंच शेवटी बघायचं असतं.

माझं काय झालं ते घरात फक्त तुझ्या काकूला माहीत आहे. १९८३ ला मी इथे आलो आणि ४ वर्षं रात्रपाळीला पेट्रोल पंपावरच्या एका दुकानात गल्ल्यावर बसलो. तारीख उलटलेलं दूध फेकून द्यायचं, असा मालकाचा नियम. मी ते घरी आणायचो, काकू त्याचं पनीर करायची. अन्न वाया घालवत नाही, असं आम्हाला वाटायचं. मग कधीतरी तारखेला एक दिवस बाकी असलेला कॅनही उचलायला लागलो. १९८९ मध्ये पोलिसांचा अर्ज भरला. मालकाची वस्तू न विचारता कधी घेतली का? मी 'नाही' वर खूण केली. तेव्हाचं यंत्र कागदाचं होतं. कागद सरकतोय, शाईच्या सुया त्यावर खरखरतायत, आणि परीक्षकाने तोच प्रश्न वाचला. माझ्या डोळ्यांसमोर निळ्या झाकणाचा तो गॅलनचा कॅन उभा राहिला आणि श्वास तिथेच अडकला. पट्टे सोडल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "त्या प्रश्नाला काय आठवलं?" मी म्हणालो, दूध. किती वेळा? दोन-तीनदा. दहा मिनिटांनी मीच म्हणालो, महिन्यातून दोनदा असेल. म्हणजे अर्जात एक, खुर्चीत दुसरं आणि नंतर तिसरं. तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. ते दुधासाठी नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या खात्याच्या अर्जात मी लिहिलं, ४ वर्षांत अंदाजे ८० वेळा, काही वेळा तारीख उलटायच्या आधीचंही. आधी नाकारलो गेलो, हेही लिहिलं. परीक्षकाने ते वाचलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडचं शहाणपण आहे. घरातलं बाहेर सांगायचं नाही, या वळणात आपण वाढलो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण या अर्जापुढे ते उपयोगाचं नाही. भरतीवाल्यांना संत नको असतो. लहान वयातल्या बहुतेक चुका त्यांना चालतात. उद्या कोर्टात शपथेवर उभी राहून तू जे सांगशील त्यावर कुणाची तरी सुटका किंवा तुरुंग ठरणार आहे, म्हणून लपवाछपवी चालत नाही. हे मला माझ्या पहिल्या सार्जंटने सांगितलं होतं, आणि मी माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाला सांगत आलो.

आता आपल्या घरांतल्या गोष्टी, ज्या आपल्या मुलांच्या ध्यानातच येत नाहीत. दुसऱ्याच्या नावावरची औषधं घेतली का, असा प्रश्न असतो. आपल्याकडे आजीच्या बॅगेतून येणाऱ्या गोळ्या सगळं घर खातं. भारतातून आणलेल्या खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकतं, आणि तू ते कॉलेजात असताना प्यायलीस, मला आठवतंय. लिही. होळीला थंडाईतून घेतलेल्या भांगेबद्दलही २०२३ पर्यंत इथे विचारत, आणि ती गांजाच्याच खात्यात जायची, 'प्रसाद होता' म्हणून सुटत नसे. शिकवण्यांचे रोखीने घेतलेले पैसे करात दाखवलेस का, तेही बघ. आकडा नक्की आठवत नसेल तर अंदाज लिही आणि अंदाज आहे असंही लिही, पण स्वतःला सोयीचा कमी आकडा लिहू नकोस. आणि भूतकाळात खरंच गंभीर, गुन्हा ठरेल असं काही असेल, तर अर्जाला हात लावायच्या आधी वकिलाला भेट. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

खोलीत काय होतं? दोन-तीन तास जातात, पण यंत्र लावलेलं असतं त्यातला थोडाच वेळ. आधी परीक्षक बराच वेळ बोलतो आणि विचारायचे प्रश्न अगोदरच वाचून दाखवतो. एखादा शब्द दुहेरी वाटला तर तेव्हाच विचार. आता आठवलेली गोष्ट असेल तर तीही तेव्हाच सांग. मग छातीवर आणि पोटावर एकेक नळी, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाचा अंदाज घेणाऱ्या पट्ट्या, आणि बहुतेक ठिकाणी बुडाखाली हालचाल टिपणारी गादी. दंडाचा पट्टा चांगलाच आवळतो, हाताला मुंग्या येतात. सैल बाहीचं घालून जा, बांगड्या-अंगठ्या घरी ठेव.

उत्तर 'हो' किंवा 'नाही', तोंडाने. आपण हो म्हणताना मान हलवतो, ती हलवायची नाही; आरशासमोर बसून ८ दिवस सवय कर. आणि तुझा तो रोजचा प्राणायाम! सकाळी घरी खुशाल कर, पण खुर्चीत बसून श्वास लांबवू नकोस. मुद्दाम ठरवून घेतलेला श्वास आलेखावर लगेच दिसतो आणि परीक्षकाला वाटतं, पोरगी यंत्राला फसवायला शिकून आली. एका गुणी मुलाचं असंच झालेलं मी पाहिलंय. तो मन शांत करत होता बिचारा. यंत्र चुकवायच्या युक्त्या तर वाचूसुद्धा नकोस. प्रश्नांचेही प्रकार असतात, ते मी तुला जाणूनबुजून सांगत नाही, नाहीतर तू उत्तर द्यायचं सोडून हा कुठला प्रकार ते मोजत बसशील.

त्या दिवशी चतुर्थी असली तरी उपास करू नकोस. झोप पूर्ण घे. रोजची औषधं थांबवू नकोस, आणि कुठली घेतेस ते सांग. भीती वाटणारच, परीक्षकाला भीती ओळखीची असते.

सगळ्यात अवघड वेळ पट्टे काढल्यावरची. परीक्षक खुर्ची जवळ ओढेल आणि म्हणेल, या एका प्रश्नाला काहीतरी दिसतंय, मनावर काही आहे का? असेल तर सरळ आणि पूर्ण सांग. पण नसेल, तर केवळ समोरचा माणूस नाराज आहे म्हणून काही कबूल करू नकोस. आपल्या मुलींना मोठ्यांचं मन मोडायची सवय नसते. न केलेल्या गोष्टी कबूल केलेल्या मुली मी पाहिल्यात आणि तेवढ्यावर त्यांची नोकरी गेलेलीही. "माझं उत्तर तेच आहे", एवढं म्हण आणि गप्प बस.

कारण हे यंत्र खोटं पकडत नाही, हे तुला माहीत असायला हवं. ते श्वास, रक्तदाब आणि घाम टिपतं, अर्थ माणूस लावतो. ते १९२१ मध्ये आपल्याच राज्यात, बर्कलीच्या पोलीस खात्यात, जॉन लार्सन नावाच्या पोलिसाने बनवलं, आणि पुढे त्यालाच त्याच्या वापराचा पस्तावा झाला. २००३ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने नोकरीतल्या लोकांच्या चाळणीसाठी त्याची अचूकता पुरेशी नाही, असा अहवाल दिला. खासगी मालकांना १९८८ च्या कायद्याने ते जवळपास बंद केलं, सरकारी खात्यांना मात्र मोकळीक ठेवली. नवल म्हणजे कॅलिफोर्नियात नोकरीत असलेल्या पोलिसावर पॉलिग्राफची सक्ती करता येत नाही. दारातून आत जाईपर्यंतच ते तुझ्या वाट्याला आहे. मला हे बरोबर वाटत नाही, सेवेत असतानाही मी तसं बोललोय. पण नियम आहे तोवर त्यातून जायचं आहे.

निष्कर्ष निघाला नाही म्हणाले तर पुन्हा चाचणी मिळेल का ते विचार. नापास म्हणाले तर रड, मग दुसऱ्या खात्यात अर्ज कर आणि नापास झाल्याचं त्यात लिही. खाती एकमेकांना विचारतात.

रविवारी कोरा अर्ज घेऊन ये. पेन्सिलीने भरू. गेल्या १० वर्षांतले पत्ते आईकडून आणि कामाच्या तारखा जुन्या पगारपत्रकांवरून काढून आण. पूर्ण झाला की दोन प्रती काढायच्या, एक तुझ्याकडे, एक माझ्या कपाटात. माझ्या १९९० च्या अर्जाची प्रत अजून तिथेच आहे, ८० चा आकडा बघायचा असेल तर.