घड्याळ मागव, कुंडली देऊ नकोस

सई, घड्याळ घ्यावं की नाही यावर मी बोलणार नाही. पैसे तुझे, मनगट तुझं, आणि जे बोलायचं ते तुझ्या आईने बोलून झालेलंच आहे. मला सांगायचंय ते वेगळं. हाँगकाँगच्या त्या दुकानदाराला माल पाठवायला तुझं नाव, पत्ता, एक फोन नंबर आणि एक ईमेल लागतो. बस्स. सहारच्या कार्गोत क्लिअरिंगच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. पार्सलाच्या नादात माणसं स्वतःची किती माहिती फुकट वाटत सुटतात, ते मी रोज बघायचो.

‘कस्टमसाठी पासपोर्टची कॉपी पाठवा’ हे तुला हमखास ऐकायला मिळेल, तेही व्हॉट्सॲपवर. त्यात अर्धं खरं आहे. कुरिअरने बाहेरून माल आला की घेणाऱ्याचं केवायसी लागतं, तो आपल्या कस्टमचाच नियम आहे. पण ते घेण्याचं काम कुरिअर कंपनीचं, कारण तुझ्या वतीने इथे कागद तीच भरते. दुकानदार मध्ये कुठेच येत नाही. त्याला गोड शब्दांत सांगायचं, ‘केवायसी मी इथे कुरिअरला देते, तुम्ही एअरवे बिल नंबर पाठवा.’ खरा व्यापारी असेल तर तो पुढे एक शब्द बोलत नाही. आणि नंबर हातात आला की मेसेजमधल्या लिंकवर टिचकी मारायची नाही. कंपनीची साइट स्वतः उघडायची, नंबर स्वतः टाकायचा, आणि कागद तिथेच चढवायचे.

आता कागद कुठला द्यायचा? आपल्या पासपोर्टाचं शेवटचं पान कधी नीट बघितलंयस? आईचं नाव, वडिलांचं नाव, घरचा पत्ता, सगळं एका जागी. आणि बँकेत फोन केला की ओळख पटवायला काय विचारतात? आईचं नाव. म्हणून पासपोर्ट शेवटी, दुसरं काहीच चालत नसेल तर. आधार द्यायचं झालं तर आधारच्या साइटवरून मास्क केलेलं उतरवून घे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. कुरिअरला ते चालत असेल तर तेच दे. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड, आणि हे सगळ्या जगाला माहीत आहे. म्हणूनच ‘वाढदिवसाला खास सवलत’ म्हणून जन्मतारीख मागणारा रकाना दिसला की तो कोरा सोडायचा.

जी प्रत देशील तिच्यावर आडवं लिही: कोणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला. कडेच्या कोऱ्या जागेत नको, तिथून कापून टाकता येतं. फोटोवरून आणि मजकुरावरून गेलं पाहिजे, पण खालचं वाचता आलं पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या प्रतींवर असं लिहिलेलं क्वचितच असायचं. असलं की समजायचं, माणूस जाणता आहे.

तुला वाटेल, मामा म्हातारा झाला, उगाच घाबरवतोय. तर २०२५ सालचंच बघ. लुई व्हिटॉनच्या हाँगकाँगच्या सुमारे ४ लाख १९ हजार गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेली. त्यात पत्ते होते, जन्मतारखा होत्या, खरेदीचा इतिहास होता आणि पासपोर्टचे तपशीलही होते. त्याच वर्षी कार्टियेने गिऱ्हाइकांना पत्रं लिहून कळवलं की नावं, ईमेल आणि देश कोणाच्या तरी हाती लागलेत. गुची आणि बालेन्सियागा ज्या केरिंग समूहाचे, त्यांच्याकडून तर कोणी आजवर एकूण किती खर्च केला, तो आकडासुद्धा गेला. कार्डाचे नंबर गेले नाहीत, असं कार्टियेने आणि केरिंगने सांगितलं, आणि ते खरंच असेल. पण कार्ड बंद करून नवं घेता येतं. या पत्त्यावरच्या बाईकडे अमुक किमतीचं घड्याळ आहे, ही नोंद कशी बंद करणार? चोराला कार्डापेक्षा तीच यादी जास्त उपयोगाची. एवढ्या मोठ्या पेढ्यांची ही गत, तर दोन माणसांच्या दुकानाचं काय सांगावं?

म्हणून खातं उघडू नकोस, गेस्ट म्हणूनच घे. ईमेल देताना जीमेल असेल तर नावापुढे अधिकचं चिन्ह घालून दुकानाचं नाव जोड. पत्र तुझ्याच पेटीत येतं, आणि उद्या त्या पत्त्यावर भलतीच जाहिरात आली तर माहिती कोणी विकली किंवा सांडली ते आपोआप कळतं. फोन नंबर बँकेला जोडलेला देऊ नकोस; असल्या कामांसाठी एक वेगळं सिम ठेव.

पैशांचं आता. आपल्याकडे दुकानाच्या साइटवर कार्ड वापरलं की ओटीपी येतो, त्याची इतकी सवय झालीय की तो कुलूपच वाटतो. परदेशी दुकानात ओटीपी न येताही पैसे कापले जाऊ शकतात. कार्डाचा नंबर दुकानदाराने साठवायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियमही बाहेरच्या दुकानाला बांधत नाही. तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचा खटका एरवी बंदच असू दे. पैसे भरायच्या आधी चालू करायचा, मर्यादा किमतीपुरती ठेवायची, पैसे गेले की पुन्हा बंद. ‘कार्ड जतन करा’समोरची खूण काढायची. कार्डाचा फोटो पाठवा म्हणाला तर व्यवहार तिथेच मोडायचा, मग घड्याळ कितीही दुर्मीळ असो. न केलेला खर्च दिसला तर बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळव, म्हणजे बाहेरच्या कोणाच्या कारस्थानाचा भुर्दंड तुझ्यावर येत नाही. बँकेतून थेट रक्कम पाठवणार असशील तर पॅन आणि लागतील ते कागद बँकेला द्यायचे. दुकानदाराला पॅन कशालाही लागत नाही. मात्र अशी पाठवलेली रक्कम परत मिळवणं फार कठीण, हे ध्यानात ठेव.

पार्सल निघालं की फोन येण्याचा धोका असतो. ‘कस्टममधून बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय.’ तू वाटच बघत असतेस, त्यामुळे पटतं. कस्टमचा अधिकारी कोणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर चौकशी तर नाहीच नाही. खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो, तो कस्टमच्या साइटवर तपासता येतो. ड्यूटी कुरिअर कंपनीमार्फतच भरायची. फसलीस असं वाटलं तर लाजायचं नाही, १९३० ला लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत थांबवता येण्याची आशा असते.

आणि एक. दुकानदार हळूच विचारेल, ‘किंमत कमी दाखवू का?’ नाही म्हण. चुकीची किंमत दाखवलेला माल कस्टम कायद्याखाली जप्त होऊ शकतो, वर दंड होतो. आणि तू हो म्हटल्याचा मेसेज त्याच्या फोनमध्ये राहतो. उद्या वाद झाला तर तो कशाला जपेल तुला? नकली माल विकणाऱ्याकडे तर फिरकूही नकोस. त्याच्याकडे तुझं नाव आणि पत्ता असतो, तुझ्याकडे मात्र तक्रार करायला तोंड नसतं.

हाँगकाँगच्या दुकानाची एवढी काळजी करतो आपण, पण माहिती सांडते ती आपल्याच फाटकावर. खोक्यावर प्लास्टिकचं पारदर्शक पाकीट चिकटवलेलं असतं. त्यात बिल असतं आणि त्यावर तुझं नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, मालाचं वर्णन आणि किंमत. असं खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये दिवसभर टेबलावर पडून राहतं, येणारा-जाणारा वाचतो. वॉचमनला मी दोष देत नाही, पण ऑफिसच्या पत्त्यावर मागव किंवा कुरिअरच्या कार्यालयातून स्वतः घेऊन ये. खोकं रद्दीत देताना पाकीट आणि लेबल फाडून बारीक कर. घड्याळाचा फोटो लगेच सगळ्यांना दाखवायचाच असेल तर वॉरंटी कार्ड आणि सीरियल नंबर त्यात नको, खिडकीबाहेरची इमारतही नको.

माल हाती आला, परत करायची मुदत संपली, की दुकानदाराला चार ओळींचं पत्र लिही: माझ्या ओळखपत्राची प्रत आणि जाहिरातीसाठी ठेवलेली माहिती काढून टाका, आणि टाकल्याचं कळवा. पुढे कधी दुकान पॅरिस किंवा मिलानचं असेल तर तुझ्या हातात जोर आहे. युरोपचा २०१८ पासूनचा कायदा तिथल्या व्यापाऱ्याला बांधतो, गिऱ्हाईक पुण्यात असलं तरी, आणि साधारणपणे महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. बिलं त्यांना करासाठी ठेवावीच लागतात, त्यावर हट्ट धरू नकोस. हाँगकाँगच्या कायद्यातही गरज संपल्यावर माहिती ठेवू नये असं आहे, तेव्हा तिथेही लिहायला हरकत नाही.

बिल आणि ड्यूटीची पावती मात्र तू जपून ठेव. विम्याला लागतात, आणि ते घड्याळ घालून परदेशी गेलीस तर परतताना विमानतळावर विचारलं की तीच दाखवायची असतात.